दुखवट्याच्या फेण्या

नवरा गेल्यानंतर लोक विचारायचे, कशी आहेस, आणि मी म्हणायचे, बरी आहे. त्यांना वाटायचं, मी उसनं अवसान आणतेय. मी खरंच बरी होते, आणि पंचाईत तीच होती. जेवत होते, झोपत होते, ऑफिसला जात होते, पोरीच्या केसांत अडकलेला गोंद सोडवत होते. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, तसं आतून सगळं झालं होतं. गाल आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही.

आम्ही त्सुफेनहाउझेनला राहायचो. स्टुटगार्टच्या या भागात भेटेल तो माणूस कुठल्या ना कुठल्या गाडीचा काही ना काही भाग बनवत असतो. नवराही सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. जानेवारीतल्या एका सकाळी ट्रामच्या थांब्यावर त्याला हार्ट अटॅक आला. चाळिशीही गाठली नव्हती. मी दुसऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं अर्धवेळ काम करत होते. मुलगी सहा वर्षांची, किंडरगार्टनच्या शेवटच्या वर्षाला. मराठी सगळं समजायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

दिवसकार्य पुण्यात दिरांनी केलं. ते उरकून फेब्रुवारीच्या अखेरीला सासूबाई आमच्याकडे आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, बोलायला मोजक्या. माझ्यासमोर एकदाही रडल्या नाहीत. आल्या दिवसापासून स्वयंपाकघर हातात घेतलं, आणि आठवडाभराने भाजी निवडता निवडता म्हणाल्या की मेअखेर त्या परत जातील तेव्हा आम्ही दोघींनीही बरोबर निघावं. पुण्यात दिरांच्या घराशेजारचा फ्लॅट रिकामा होत होता. पोरीसाठी शाळेत शब्दही टाकून ठेवला होता. त्यांनी हुकूम केला नाही, रडवेला चेहराही केला नाही. इथे तुमचं कोण आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बघते.

त्याच सुमाराला ऑफिसात साहेबांनी विचारलं, जूनपासून पूर्णवेळ येणार का? त्यांनाही मी म्हटलं, बघते. राहण्याचा कायमचा परवाना आम्हाला आदल्याच वर्षी मिळाला होता, त्यामुळे आउसलेंडरबेहोर्डवर, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीवर, ढकलून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. दोन्हीकडे मी नुसती बघत होते. राहावं असं वाटत नव्हतं, जावं असंही वाटत नव्हतं. वाटण्याचं खातंच बंद होतं.

पाडवा आला. आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पण पहिल्या सणाला सोयरे येतात, बहुतेक करून सुनेच्या माहेरचे. गोडाधोडाचं काही घेऊन येतात आणि घरच्यांना बळेच घासभर खायला लावतात. ह्याला दुखवटा काढणं म्हणतात. तोवर घरातल्यांनी गोड खायचं नाही. माझे आईवडील आधीच गेलेले, भाऊ कॅनडात. त्याचा व्हिडिओ कॉल आला, आणि व्हिडिओ कॉलवरून शिरा भरवता येत नाही. मराठी मंडळातल्या बायका तशा भल्या होत्या, पण या घरी सणाच्या दिवशी जावं की जाऊ नये, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून सगळ्यांनी मेसेज पाठवले. शिवाय जर्मनीत राहून आपल्यालाही एक सवय लागते. आधी टर्मिन, म्हणजे वेळ ठरवून, घेतल्याशिवाय कोणी कोणाची बेल वाजवत नाही, मग कारण वाढदिवसाचं असो की दुखवट्याचं.

सासूबाई मात्र त्या दिवशी सकाळीच इस्त्रीची साडी नेसून खिडकीपाशी बसल्या होत्या. दुपारी त्यांनी विचारलं, कोणी येणार आहे का गं? मी नाही म्हटलं. त्यांनी आमटी-भात वाढला आणि विषय संपला. दुखवटा राहिला तो राहिलाच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक फिलिपिनी बाई राहायची. पन्नाशीची, ठेंगणी, चालताना सगळा जिना दणाणायचा. वृद्धाश्रमात नर्स होती आणि नवरा जर्मन, रिटायर्ड, अत्यंत कमी बोलणारा. बायको दोघांच्या वाटणीचं बोलायची, त्यामुळे हिशेब बरोबर लागायचा. एप्रिलच्या मध्यात ती वर आली आणि माझ्याकडे वाफवायचं मोठं भांडं आहे का, असं विचारू लागली. मे महिन्यात त्यांच्या गावाकडे शेतकऱ्यांच्या संताचा सण असतो. पीक घरात आलेलं असतं, म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक घराचं तोंड भाताच्या लोंब्यांनी, भाज्यांनी, फळांनी मढवून काढतात. इथल्या फिलिपिनी लोकांनी त्या वर्षी चर्चच्या अंगणात तसा सण करायचं ठरवलं होतं, जर्मन लोकांनाही बोलावून.

ती इंग्रजी-जर्मन मिसळून सांगत होती आणि मी मान हलवत होते. ती म्हणाली, सगळं पाहुण्यांसाठी असतं. घर सजवायचं ते आत राहणाऱ्यांनी बघायला नाही, रस्त्याने जाणाऱ्यांनी बघायला. मिरवणूक एकदा पुढे गेली की पाहुण्यांनी घरावरचं सगळं उतरवून घरी न्यायचं. भिंतीवर काही उरलं तर घरच्यांना वाईट वाटतं. आणि या सगळ्याची शोभा म्हणजे किपिंग. तांदळाचं पीठ पानावर पातळ पसरायचं, पान वाफवायचं, मग सोलून काढायचं. पानाच्या शिरा न् शिरा उमटलेली रंगीत पापडी मिळते. तिच्या माळा करायच्या, झुंबरं करायची.

स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम कळायचं, पण पीठ, पान आणि वाफ हे तिने हातांनीच करून दाखवलं होतं.

"अगं, फेण्या म्हणतेय ती," त्या मला म्हणाल्या.

आमच्या कोकणात फेण्या अशाच करतात, वडाच्या पानावर. उन्हाळ्याच्या वाळवणातला तो एक मोठा कार्यक्रम. शेजारणीला मी तसं सांगितलं तर ती सासूबाईंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. नानाय, तुम्ही माझ्याबरोबर करायला या, म्हणाली. नानाय म्हणजे त्यांच्याकडे आई. सासूबाईंनी हात हलकेच सोडवून घेतले आणि त्या स्वयंपाकघरात परतल्या. दुखवट्याच्या वर्षात घरात पापड, फेण्या, लोणचं काही घालायचं नसतं. मी शेजारणीला तसं सांगणार होते, पण ते जर्मनमध्ये कसं सांगायचं हे सुचेना, आणि तेवढ्यात ती माझं मोदकपात्र घेऊन गेलीही.

दोन दिवसांनी सासूबाईंनी आपण होऊन विषय काढला. म्हणाल्या, घालायचं नाही ते आपल्या घरात. खालच्या घरात कोण गेलंय? शास्त्रात पळवाट काढण्यात आमच्या बायकांचा हात कोणी धरणार नाही. मला त्याचं हसू यायला हवं होतं. मी ठीक आहे म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

वड काही इथे मिळणारा नव्हता. शेजारणीच्या नवऱ्याने ओळखीच्या एका बागेतून विचारून लिंडेनची पानं आणली, पिंपळासारखी, हृदयाच्या आकाराची. मग मेच्या पहिल्या आठवड्यात दोघी बायका रोज दुपारी खालच्या स्वयंपाकघरात वाफ काढत बसू लागल्या. एकीला मराठी, एकीला तागालोग. मध्ये माझी मुलगी, जी आजीचं ऐकून शेजारणीला जर्मनमध्ये सांगायची. मी ऑफिसातून येऊन दारात उभी राहायचे. ओट्यावर लाल, पिवळी, हिरवी पिठं, पोरीच्या कोपरापर्यंत रंग, खिडक्यांवर वाफ. सासूबाई पानाच्या टोकाला नखाने उचलून फेणी सोलायच्या तेव्हा त्यांचा चेहरा मला माहीत असलेल्या चेहऱ्यापेक्षा वेगळा दिसायचा. छान चाललंय, असं मी म्हणायचे. म्हणायला हवं म्हणून.

एक दिवस शेजारणीची दिवसपाळी होती. किल्ली आमच्याकडे ठेवून ती कामावर गेली, आणि त्याच दिवशी स्टुटगार्टमध्ये लख्ख ऊन पडलं. उन्हाचा कडाका दिसला की कोकणातल्या बाईला घरात बसवत नाही. सासूबाईंनी तोवर केलेल्या सगळ्या फेण्या शेजारणीच्या गॅलरीत जुन्या सुती साडीवर पसरल्या, वर चार चिमटे लावले आणि दिवसभर दर तासाला उलटल्या. वाळवण म्हटल्यावर कडकडीत वाळवायला हवंच. त्यात त्या दिवशीच्या घाण्यात त्यांनी, पिठाला काहीच चव नाही म्हणून, जिरं आणि हिंग टाकलं होतं. विचारायची गरज त्यांना वाटली नाही. फेणीत जिरं घालायला कोण कोणाची परवानगी घेतं?

संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा साडीवरच्या सगळ्या पापड्या कडेने वळून द्रोणासारख्या झाल्या होत्या. किपिंग सावलीत सुकवायचं असतं आणि वजनाखाली दाबून सपाट ठेवायचं असतं, कारण ते भिंतीवर लावायचं असतं. आमच्या बाईने ते तळायच्या तयारीने वाळवलं होतं. शेजारणीने एक उचलली, वास घेतला, परत घेतला. हिंगाचा वास तिच्या ओळखीचा नव्हता. मला वाटलं, आता रडणार. ती गॅलरीतल्या स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सासूबाईंना मी चूक समजावून सांगितली तेव्हा त्या शरमल्या, आणि मग चिडल्या. सपाट फेणी कधी कोणी पाहिलीय का, असं मलाच विचारलं.

शेजारणीने त्यावर तोडगा काढला. अंगणात प्रत्येक कुटुंब लाकडी चौकट उभारून घराचं एक खोटं तोंड करणार होतं, दार आणि खिडकीपुरतं. ती म्हणाली, सपाट किपिंग मी पुन्हा करीन. या वळलेल्या तुमच्या. तुमचं घर वेगळं करा.

दुखवट्याच्या घराला तोरण चालतं का, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घर कुठंय ते, चार फळ्या आहेत. त्यांना त्या चार फळ्या हव्या होत्या, हे एव्हाना माझ्याही लक्षात आलं होतं.

सणाच्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. चर्चच्या अंगणात घरांची तोंडं ओळीने उभी होती. भाताच्या लोंब्या कुठून आणणार, म्हणून फुलवाल्याकडून गव्हाच्या ओंब्या आणल्या होत्या. अननस, वांगी, कांद्याच्या माळा, वालाच्या लांबच लांब शेंगा. त्यावर शेजारणीची सपाट किपिंगं उजेडात काचेसारखी दिसत होती. आमच्या घरावर वळलेल्या फेण्या, लाल भोपळे आणि पोरीने कापलेले कागदी पोपट होते. जवळ गेलं की हिंगाचा वास यायचा. जर्मन पाहुणे वेळेवर आले, काहीजण वेळेच्या आधी. मे महिन्यात पिकाचा सण कसा, असं एका आजोबांनी मला विचारलं. त्यांचा ऑक्टोबरात असतो. मला काय माहीत? मी म्हटलं, त्यांच्याकडे आत्ता होतो. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाले, आणि समाधानाने पुढे गेले.

मिरवणूक निघाली. पुढे संताची मूर्ती, मागे कागदाच्या लगद्याची म्हैस, तिच्यामागे गिटारवाले आणि पोरं. माझी मुलगी म्हशीची शेपटी धरून होती. मी कागदी कप हातात घेऊन उभी होते. लाल दिसत होतं, पिवळं दिसत होतं, गाणं ऐकू येत होतं. चांगलं आहे हे कळत होतं, पण ते माझ्या आत पोचत नव्हतं. बाजूला उभ्या असलेल्या बायकोच्या खांद्यावर एका माणसाने हात ठेवला, ते पाहूनही काही झालं नाही. याचीच मला थोडी लाज वाटायची त्या दिवसांत.

मिरवणूक चर्चला वळसा घालून परत आली तशी शेजारीण केळीच्या पानाने झाकलेलं ताट घेऊन थेट माझ्याकडे आली. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, काळसर साखर. आपल्या नारळीभाताच्या थोरल्या बहिणीसारखा दिसणारा पदार्थ. बाकी लोक ताटाकडे बघत होते, पण ती पहिल्यांदा आमच्याकडे आली होती. काइन ना, म्हणाली. खा आता. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. आख्खा हिवाळा तुला जिन्यात बघतेय, म्हणाली, आणि चौकोनी तुकडा माझ्या हातावर न ठेवता सरळ तोंडापाशी धरला. वृद्धाश्रमात रोज किती म्हाताऱ्यांना भरवत असेल, तिच्या हाताला नकार कळतच नव्हता. मी तोंड उघडलं आणि खाल्लं.

अर्धा घास गिळल्यावर माझ्या ध्यानात आलं की हे गोड आहे. जानेवारीपासून आमच्या घरात कोणी गोड खाल्लं नव्हतं. मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या आमच्या चार फळ्यांच्या घराच्या दारात उभ्या होत्या, साडीवर स्वेटर, पायात माझे बूट, आणि माझ्याकडेच बघत होत्या. त्या चालत आल्या. मला वाटलं, बोलणार. त्यांनी ताटातला एक तुकडा उचलला, डोळे मिटले, आणि तोंडात टाकला. शेजारणीला काय झालं ते कळलं नाही. ती खूश होऊन पुढच्या माणसाकडे गेली.

मग उतरवायची वेळ झाली. माइकवरून सांगितलं, पाहुणे हो, घ्या. फिलिपाईन्समध्ये म्हणे या क्षणी एकच झुंबड उडते. इथे लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी प्रत्येक घरासमोर रांग लावली. आपापल्या कापडी पिशव्या काढून एकेक वांगं, एकेक अननस, आभार मानून. आमच्या घरासमोरही रांग होती. एका आजीबाईंनी वळलेली फेणी उलटीसुलटी करून हे काय म्हणून विचारलं. माझी मुलगी खुर्चीवर चढून माळा सोडवून देत होती. "डी हाट माइने ओमा गेमाख्ट," ती म्हणाली. माझ्या आजीने केल्यात. तळायच्या, म्हणाली, आणि पुढच्या वर्षी आम्ही हिरव्या जास्त करणार आहोत.

सासूबाई माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या होत्या. काय म्हणतेय ती, त्यांनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या वर्षाचंही सांगितलं. आमच्या घरावरचे भोपळे गेले, पोपट गेले, मागची उघडी फळी दिसायला लागली.

"तिकीट माझं एकटीचं काढ," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी गोड खाल्लं म्हणून रागावल्या. मी म्हटलं, अहो आई, ते चुकून झालं.

"चुकून कसलं? दुखवटा काढला तिने." त्या फेण्यांच्या रांगेकडे बघत होत्या. "पाडव्याला मी दिवसभर खिडकीत बसले होते, ते खाण्यासाठी नव्हते बसले. इथे तुझं कोणी येतं का, ते बघत होते. कोणी आलं नाही, म्हणून तुम्हाला न्यायचं म्हणत होते. आज आलं."

इतके दिवस मी ज्याला बघते, बघते म्हणत होते ते माझ्या वतीने ठरलं होतं. मला राहायचं होतं. हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून मी थांबले. तसं काही वाटलं नाही. सप्टेंबरातली पोरीची शाळा, पूर्णवेळ नोकरी, रात्री दार आतून लावायचं ते एकटीने, तापात पोर, बर्फात मी, आणि तो नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे सगळं मला जानेवारीपासून माहीत होतं. वाटलं ते त्या बाकावर.

"अहो आई," मी म्हटलं, "मला भीती वाटतेय."

त्यांनी कप माझ्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला.

"वाटणारच," त्या म्हणाल्या. "मला तो गेला त्या दिवसापासून वाटतेय. तू बरी आहेस, बरी आहेस म्हणायचीस, मग मी कोणाला सांगायचं?"

आणि पहिल्यांदा माझ्यासमोर त्या रडल्या. मीही रडले. पदर एकच होता, तोच दोघींनी वापरला. लोक अननस आणि कांद्याच्या माळा घेऊन आमच्यासमोरून जात राहिले.